बाळाच्या डोक्यावरचा काळा डाग: बिब्बा लावू नका

जळगाव-धुळ्याकडे मोबाइलवर निरोप फिरतोय: बाळाच्या डोक्यावर जन्मतः काळा डाग असला की तो कॅन्सर, जावळ काढून बिब्बा नाहीतर चुना लावून जाळून टाका. दोन्ही गोष्टी चूक आहेत, दुसरी तर घातक.

साधारण शंभरात एका बाळाला असा जन्मजात तीळ असतो. डोक्यावरचे कित्येक तीळ वर्षागणिक फिके होतात. तान्ह्या बाळात मेलानोमा, म्हणजे तिळाच्या पेशींतून होणारा त्वचेचा कॅन्सर, अतिशय दुर्मीळ. धोका वाढतो तो फार मोठ्या तिळात, म्हणजे नवजात बाळाच्या डोक्यावर सुमारे ९ सेंटिमीटर किंवा जास्त. तरीही अशा बहुतेक बाळांना कॅन्सर होत नाही.

बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं. व्रण उरतो, त्याखाली काय चाललंय ते दिसत नाही आणि पुढे कातडीचा तुकडा काढून तपासतानाही घोटाळा होतो.

दर महिन्याला मोजपट्टी डागाशेजारी धरून, त्याच उजेडात फोटो काढा. केसांखाली लपतं म्हणून बोटानेही चाचपा. जावळाचा वस्तरा डागावरून फिरवू नका. भराभर वाढणारी गाठ, रक्त, न भरणारी जखम दिसली तर लगेच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. धुळे, जळगाव, नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. गाठ काळी असण्याचीच वाट पाहू नका, लहान मुलांत मेलानोमाची गाठ गुलाबी-लालही असते. मोठ्या तिळातली निरुपद्रवी गाठही सूक्ष्मदर्शकाखाली मेलानोमासारखी भासू शकते, म्हणून तुकड्याचा रिपोर्ट अनुभवी पॅथॉलॉजिस्टला (तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरांना) पुन्हा दाखवा. तीळ फार मोठा किंवा अनेक असतील तर मेंदूच्या एमआरआय स्कॅनबद्दल बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आतच डॉक्टरांना विचारा.