अर्धा तास बसा

लेकीचे 14 आठवड्यांचे डोस होते, बायको तापाने आडवी, म्हणून मी एकटाच घेऊन गेलो. दोन्ही मांड्यांना सुया, पोर लालभडक होऊन रडली, मीही थोडा. सवयीने मांडी चोळायला गेलो तर सिस्टर अख्ख्या वेटिंग रूमसमोर ओरडल्या, "ओ बाबा, चोळायचं नसतं! आणि अर्धा तास बसा, रिअ‍ॅक्शन येते का बघायला."

रिअ‍ॅक्शन आली. शेजारच्या खुर्चीला.

आमच्याच बी विंगचे गृहस्थ, मुलाची सर्दी दाखवायला आलेले. "कितवा डोस?" तिसरा म्हटल्यावर "च्च च्च", असं च्च च्च मी याआधी फक्त मयताला ऐकलंय. "आम्ही एकही दिला नाही. बॉडीला आपलं आपण शिकू द्यायचं." मुलगा बाहीला नाक पुसत शिकत होता. "आणि ऑटिझमचं काय?" म्हटलं, अहो लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा तो 1998 चा पेपर, तो छापणाऱ्या लॅन्सेट या मेडिकल जर्नलनेच 2010 ला स्वतः मागे घेतला. "प्रेशर आलं असणार."

तेवढ्यात त्यांचा फोन. "हां डॉक्टर, ब्रूनोचा रेबीजचा बूस्टर ना, येतो येतो. डेट चुकवणार नाही, मागच्या वेळी चार दिवस लेट झालं तर मिसेसला झोप नव्हती. आणि काल तुमच्याकडे लाईट गेलेली ना, लस फ्रिजमध्ये नीट राहिली ना?" मग मला फोटो दाखवला, लॅब्रेडॉर, बाजूला त्याचं कार्ड, प्लॅस्टिक कव्हरात, सगळे शिक्के. आमच्या लेकीच्या कार्डावर वरणाचा डाग आहे.

मी विचारलं, मग मुलाला का नाही?

"अहो ते जनावर, त्याला कळतं का कुठे तोंड घालायचं?"

मुलगा तेव्हा वेटिंग रूममधला खेळण्यातला ट्रक चाटत होता.

2022 ला गोवंडी-भिवंडीत गोवर पसरला तेव्हा हेच सोसायटीच्या ग्रुपवर "अडाणी लोक" म्हणून परिच्छेदच्या परिच्छेद टाईप करत होते. आणि माझ्या लेकीला गोवराची लस 9 महिने पूर्ण झाल्यावर, तोवर ती आणि हा ट्रकवाला एकाच लिफ्टमध्ये. हे तोंडावर बोललो का? नाही. ते कमिटीवर आहेत आणि माझं पार्किंग अडकलंय.

उठताना त्यांनी लेकीचा गाल ओढला. "रात्री ताप येईल हां."

आला. सकाळी गेलाही. पण लिफ्टमध्ये भेटले की "आला ना?" विचारणार, म्हणून दोन दिवस मी जिन्याने जातोय. अकरावा मजला आहे.