मा. राष्ट्रपती, मार्फत तलाठी

सातबाऱ्यावर 'पांडुरंग'चा 'पाडुरंग' झाला आणि अनुस्वारापायी तहसीलच्या पायऱ्या चढून गुडघे बोलू लागले, की माणूस म्हणतो, "आता थेट राष्ट्रपतींनाच लिहितो!" लिहावं, जरूर लिहावं. फक्त ते पत्र शेवटी वाचणार कोण, हे आधी ठाऊक हवं.

पत्ता सोपा आहे: राष्ट्रपती भवन, नवी दिल्ली ११०००४. 'महामहिम'ला प्रणव मुखर्जींनी २०१२ सालीच रजा दिली, त्यामुळे मायन्यात चार ओळी घालवू नयेत. भाषेसाठी पुतण्याच्या इंग्रजीचे पाय धरायचीही गरज नाही. घटनेच्या कलम ३५०नुसार गाऱ्हाणं मराठीत मांडायचा हक्क आहे.

आता प्रवास. जमीन हा राज्याचा विषय, त्यामुळे राष्ट्रपती भवन तुमचा अनुस्वार देत नाही, पत्र पुढे पाठवतं. मग मंत्रालय, विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार, मंडळ अधिकारी. प्रत्येक टेबलावर एक आवक क्रमांक आणि एक जोडपत्र: 'नियमानुसार कार्यवाही करून अर्जदारास परस्पर कळवावे व या कार्यालयास अवगत करावे.' दिल्लीहून निघालेला एकपानी अर्ज असा बाळसं धरत धरत ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच तलाठ्याच्या टेबलावर येऊन पडतो. (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. टेबल तेच.)

म्हणून माझं म्हणणं, मायना राष्ट्रपतींचा ठेवा, मजकूर तलाठ्यासाठी लिहा. पहिल्या परिच्छेदात गाव, तालुका, गट क्रमांक, फेरफार क्रमांक. काय छापलंय आणि काय हवं. दुसऱ्यात आधीच्या अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक. तो नसेल तर तुम्ही अर्ज केलाच नव्हता असं धरून चालतात. तिसऱ्यात एकच वाक्य: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १५५खाली लेखनप्रमाद दुरुस्त करावा. सोबत जुन्या हस्तलिखित फेरफाराची नक्कल, पानांना क्रमांक घालून. मूळ कागद कदापि नाही.

देशातला भ्रष्टाचार आणि शेतकऱ्याचे अश्रू अर्जातून वगळा. ते घातले की 'अर्जातील मजकूर मोघम स्वरूपाचा आहे' असा शेरा मारून अर्ज दप्तरी जातो. शिवी घातली तर त्याहून वाईट: शिवीची चौकशी सुरू होते, अनुस्वार राहतो बाजूला. आणि खाली 'प्रत माहितीस्तव'ची वरात नको. पंतप्रधान, मुख्यमंत्री, पालकमंत्री अशा चार प्रती चार वाटांनी उतरतात, त्याच टेबलावर भेटतात, एका नाडीत बांधल्या जातात आणि चौघांना मिळून एक उत्तर जातं.

टपाल नको असेल तर सीपीग्राम्सवर, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर, तक्रार नोंदवता येते. २०२४च्या सूचनांप्रमाणे मुदत २१ दिवस. न्यायप्रविष्ट प्रकरण आणि माहिती अधिकाराचा अर्ज तिथे घेत नाहीत. गंमत शेवटी आहे. 'आपली तक्रार संबंधितांकडे पाठवली आहे' एवढ्यावर प्रकरण 'निकाली' निघतं आणि अभिप्राय विचारतात. आपण भिडस्त, बिचाऱ्यांनी उत्तर तरी दिलं म्हणून 'चांगला' दाबतो आणि अपिलाची वाट स्वतःच्या हातानं बंद करतो. 'वाईट' दाबायचं, ३० दिवसांच्या आत अपील करायचं. इथे भीड कामाची नाही.

तरीही ढिम्म? मग माहिती अधिकार. दिल्लीला विचारलं तर 'पुढे पाठवलं' हेच उत्तर प्रमाणित होऊन येईल. अर्ज तहसीलला टाका, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. दिल्लीला ते तिकीट चालत नाही, पोस्टल ऑर्डर लागते; निम्मे अर्ज तिथेच अडतात म्हटलं तरी मला नवल वाटणार नाही. महाराष्ट्रात १५० शब्द आणि एकच विषय. 'का केलं नाही' असं विचारू नका, 'अर्जावरील टिपणीच्या प्रती द्या' म्हणा. टिपणीत कुणाकडे किती दिवस कागद पडून होता ते तारखेसह दिसतं, आणि ते दिसणार म्हटल्यावर अनुस्वार हलतो.

दुरुस्त उतारा हाती आला की नाव बघून पेढे वाटायला धावू नका, क्षेत्राचा रकाना वाचा. ०.४० हेक्टरचं ०.०४ झालं असेल तर पुन्हा कलम १५५. ४.०० झालं असेल, तर मात्र पत्र लिहायची घाई कुणी करताना मी तरी पाहिलेलं नाही.