त्यांना ‘फुकटचा वकील’ म्हणू नका
खुनाच्या आरोपीला सरकारी खर्चाने वकील कशाला, हा एका लेखातला सवाल मला अजिबात पटला नाही. मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं करतो. इथले वरिष्ठ लोकअभिरक्षक, म्हणजे वकील न परवडणाऱ्या आरोपींसाठी सरकारी खर्चाने नेमलेले वकील, उलटतपासणीआधी पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि साक्षीदाराचा पोलिसांपुढचा जबाब शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहतात. जप्तीची वेळ, सीलवरची सही, सगळं. त्याला वेळ लागतो, लागलाच पाहिजे! मध्य प्रदेशातल्या अनोखीलाल या खुनाच्या आरोपीच्या खटल्यात त्याला वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले, पुढे फाशीही सुनावली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती रद्द केली आणि जन्मठेप-फाशीच्या खटल्यांत किमान १० वर्षं वकिली केलेलाच माणूस द्या, तयारीला निदान सात दिवस द्या, असं बजावलं. भाऊ, हा खर्च मला तरी जड वाटत नाही.