घरात डास फार झालेत

"आज दिवसभर घरात डास लावत होतो," मी आईला फोनवर सांगितलं.

पुण्याकडून दोन सेकंद काहीच आवाज नाही. मग आई म्हणाली, "लावत होतास? मारत म्हणायचंय का तुला? आणि जर्मनीत कुठून आले डास? संध्याकाळच्या खिडक्या लावून घेत जा रे."

आता तिला काय सांगणार! जर्मन भाषेत प्रत्येक नामाला एक शेपूट असतं, फक्त ते पुढच्या बाजूला असतं. पुल्लिंगी नामाला 'डेअर', स्त्रीलिंगी नामाला 'डी' आणि नपुंसकलिंगी नामाला 'डास'. नुसतं नाम पाठ करून भागत नाही, शेपटासकट करावं लागतं. म्हणून आम्ही स्टुटगार्टच्या आमच्या दोन खोल्यांत चिठ्ठ्या डकवायला घेतल्या होत्या. निळी डेअर, लाल डी, हिरवी डास. त्यातल्या हिरव्या माझ्याकडे आल्या होत्या. (खरा चावणारा डास जर्मनमध्ये 'डी म्युकं' आहे. म्हणजे डास हा डास नसून डी आहे. हे मी आईला सांगितलं नाही.)

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला हे सगळं फार सोपं वाटलं होतं. संध्याकाळच्या वर्गात पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, कोणाकोणाच्या भाषेत तीन लिंगं आहेत? मी आणि एक युक्रेनची मुलगी, आम्ही दोघांनी हात वर केले. ब्राझीलच्या गृहस्थांकडे दोन होती. तुर्की भाषेत लिंगाची भानगडच नाही म्हणे, त्यामुळे तिथून आलेले काका आधीच घाम पुसत होते. माझ्या शेजारी माझी बायको शांत बसली होती. ती कोलकात्याची. बंगालीत तो आणि ती दोघांनाही एकच सर्वनाम. मी तिच्याकडे जरा कणवेनेच पाहिलं. म्हटलं, बिचारी, हिचं कसं होणार!

पहिल्या आठवड्यात तर माझी छाती इंचाइंचाने फुगत गेली. घर ते, हाउस डास. पुस्तक ते, बूख डास. मूल ते, किंड डास. पाणी, मीठ, तेल, सगळी आपल्याकडे 'ते' आणि जर्मनांकडे 'डास'. चहा तो, टे डेअर. मी वर्गात न विचारता उत्तरं द्यायला लागलो. बायकोला म्हटलं, "अगं, ही तर मराठीच आहे, फक्त घशातून बोलायची."

दुसऱ्या आठवड्यात टेबलावर चमचा, काटा आणि सुरी आली. जर्मनमध्ये चमचा पुरुष, काटा बाई आणि सुरी दोन्ही नाही. एकाच ताटाशेजारी झोपणारी तीन भावंडं, तिघांची तीन लिंगं! सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी. म्हणजे चांदोमामा तिकडेही मामाच आहे, पण सूर्याची मावशी झाली. मी हात वर करून विचारलं, "पण का?" बाईंनी खांदे उडवले आणि म्हणाल्या, "इस्ट हाल्ट सो." म्हणजे, असंच असतं.

हे वाक्य मी कुठेतरी ऐकलेलं होतं. घरी येईपर्यंत आठवलं. ते माझंच होतं. लग्न झाल्यावर बायको पुण्यात मराठी शिकत होती तेव्हा तिने विचारलं होतं, दरवाजा तो आहे तर दार ते का? वस्तू तर एकच! मी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हटलं होतं, "असंच असतं."

तेवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक. पण तिच्या चुकांवर मी सात वर्षं पोट भरलंय. आमच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्याला तिने एकदा फोन केला होता. आत्याला सवड असेल तेव्हा भेटायला जाते, एवढंच तिला सांगायचं होतं. ती प्रेमाने म्हणाली, "आत्या, तुमची वेळ आली की सांगा, मी लगेच येते." तो वेळ वेगळा आणि ती वेळ वेगळी, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. हा किस्सा मी प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत, आणि एकदा तर आत्यालाच सांगितलाय.

तर चिठ्ठ्या. रविवारी सकाळी बायको भाजी आणायला गेली आणि मी वरणाचा कुकर लावला. आमचं स्वयंपाकघर म्हणजे आगगाडीच्या डब्याएवढं. तिसऱ्या शिट्टीला वाफेने भिंती ओल्या झाल्या आणि एकेक चिठ्ठी टपाटप खाली यायला लागली. वरणाचा गॅस बंद करेपर्यंत फरशीवर निळ्या-लाल-हिरव्या पानांचा सडा. कोणती कुठली होती? म्हटलं, त्यात काय, आठवून लावू. लावल्या.

बायको आली, पिशवी ठेवली आणि तिने भिंतीकडे पाहिलं.

"घड्याळाला डास केलंस?"

"घड्याळ... ते," मी म्हटलं.

"उअर. डी उअर. आणि खिडकीला डी? फेन्स्टर डास आहे. खुर्चीला डी? श्टूल डेअर. दाराला डास? ट्यूर डी." ती चिठ्ठ्या सोलत पुढे निघाली. झाकण, ताट, टेबल, सगळीकडे मी माझी मराठी चिकटवून ठेवली होती. एकटी कढई तेवढी बरोबर निघाली. कढई ती, फान्नं डी. जर्मन आणि मराठी स्वयंपाकघराचं एकमत झालं ते कढईवर.

मग ओट्याला टेकून ती म्हणाली, "तुझा डोक्यात आधीच भाडेकरू बसली आहे. माझा डोका रिकामी. पटकन भरतो."

या बोलण्यात पाच-सहा चुका होत्या आणि ते शंभर टक्के खरं होतं. मला खुर्ची दिसली की ती बाईच दिसते. तिच्यासाठी खुर्ची ही फक्त बसायची वस्तू. तिला सांगितलं डेअर, तिने लिहून घेतलं डेअर, विषय संपला. मी मात्र प्रत्येक शब्दापाशी कोर्टात उभा राहतो.

नियम नाहीत असं नाही. हाइट, काइट आणि उंग हे प्रत्यय लागलेले सगळे डी. वार, महिने आणि ऋतू सगळे डेअर. टूम लागला की डास, अपवाद दोनच: राइखटूम म्हणजे श्रीमंती आणि इर्टूम म्हणजे चूक. या दोघी डेअर. चूक पुल्लिंगी आहे यावर बायकोने काहीही भाष्य केलं नाही, फक्त वहीत दोनदा अधोरेखित केलं.

समासाचं आपल्यासारखंच, शेवटचं पद ठरवतं. घोडा तो, गाडी ती, म्हणून घोडागाडी ती. टिश डेअर, लांप डी, म्हणून टिशलांप डी. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न या राज्यात 1999 साली गोमांसाच्या लेबलांवर देखरेख कोणी करायची याचा एक कायदा झाला होता. त्याच्या नावाचा मुख्य शब्द एकटा 63 अक्षरांचा. 2013 मध्ये तो कायदा रद्द झाला. पण शेवटी 'गेझेट्स' म्हणजे कायदा आहे, म्हणून पूर्ण 63 अक्षरांना मिळून एक डास. उच्चार जमला नसता, पण लिंग मी बरोबर सांगितलं असतं. दुर्दैवाने तो कायदा मला कोणी बेकरीत विचारत नाही.

आणि 'खेन' लागला की डास. त्यामुळे मेडखेन, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी. वर्गात याचा सगळ्यांना धक्का बसला. मला नाही. माझी आजी कुडाळची. "ता चेडू खय गेला?" असं ती माझ्या बहिणीबद्दल विचारायची. चेडू म्हणजे मुलगी, आणि आजीकडे चेडू नपुंसकलिंगीच. आजीला आख्ख्या जर्मन व्याकरणातलं एवढं एक वाक्य कळलं असतं आणि तिने त्यात वावगं काही पाहिलं नसतं.

स्टुटगार्टच्या स्वाबियन बोलीत हा 'खेन' 'ले' होऊन येतो. छोटं, लाडाचं घर म्हणजे हॉइसले. 'ले' लागलं की डास. मला वाटलं, सुटलो! प्रत्येक नामाला 'ले' लावायचं आणि डास म्हणून मोकळं व्हायचं. टिशले वगैरेपर्यंत लोक कौतुकाने हसले. ऑफिसात साहेबांसमोर 'प्रोयेक्टले' म्हणालो तेव्हा मात्र त्यांना वाटलं, मी दोन कोटींच्या कामाला किरकोळ म्हणतोय.

इथवर ठीक होतं. मग विभक्ती आल्या. चारच! 'स, ला, ते' घोकून आठ विभक्ती पार केलेला माणूस मी, चारला काय घाबरणार? पण तिथे विभक्ती बहुतेक वेळा नामाला न लागता त्या शेपटालाच लागते. चार विभक्ती, तीन लिंगं आणि अनेकवचन, अशी सोळा घरं. त्या सोळा घरांत राहणारे शब्द सहाच. तेच ते शब्द या घरातून त्या घरात राहायला जातात. 'डेअर' एकटा चार घरांत सापडतो. कर्त्याच्या घरात तो पुरुष असतो. आपल्या चतुर्थीसारखी त्यांची 'डाटिव' आहे, तिच्यात दार वाजवलं तर 'डेअर' नाव सांगून बाई बाहेर येते.

आम्ही एका शनिवारी बोडेनझेला गेलो होतो. ते तळं आहे, आमच्यापासून गाडीने दोनेक तासांवर. 'झे' या शब्दाची गंमत आपल्या 'वेळ'सारखीच: डेअर झे म्हणजे तळं, डी झे म्हणजे समुद्र. हे मला पाठ होतं. इतकं पाठ होतं, की सोमवारी कॉफीच्या यंत्रापाशी सहकाऱ्याने विचारल्यावर मी 'डेअर'वर नीट जोर देऊन म्हणालो, "आन डेअर झे." तळ्याकाठी.

तो थक्क झाला. एका दिवसात जाऊन आलात? जाताना किती तास लागले? मी म्हटलं, दोन. तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी विमान चालवतो की काय. कारण डाटिवमध्ये तळं 'आम झे' होतं आणि समुद्र 'आन डेअर झे' होतो. मी इतक्या काळजीपूर्वक डेअर लावून तळ्याचा समुद्र केला होता. इथून समुद्र म्हणजे सात-आठ तास.

हे मी घरी सांगायला नको होतं. आता आमच्याकडे कोणीही जेवायला आलं की बायको वरणभात वाढता वाढता सुरू करते, "आमचा नवरा दोन तासात समुद्रावर पोचली." आत्यालाही तिने फोन करून सांगितलं. आत्या म्हणे पाच मिनिटं हसत होती.

बेकरीत मी आता सगळं दोन-दोन घेतो. 'त्स्वाय' म्हणजे दोन, त्याला लिंग नाही, बेकरीपुरती तरी विभक्ती नाही. दोन पाव, दोन केक. फ्रीजमध्ये जागा नाही.

लोण्याचं तर पुढेच. वर्गात आम्हाला शिकवलं, डी बुटर. लाल चिठ्ठी लावली. वरच्या मजल्यावरच्या आजी एकदा चहाला आल्या, डब्यावरची चिठ्ठी वाचून भुवया उंचावल्या आणि म्हणाल्या, "डेअर बुटर." स्वाबियनमध्ये लोणी पुल्लिंगी आहे. मी पुस्तक काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पुस्तक वाचलं, परत दिलं, आणि ऐंशी वर्षं मी डेअर बुटर खातेय, असं सांगून पावाला जाडसर लोणी लावून घेतलं. गेल्यावर बायकोने लाल चिठ्ठीशेजारी एक निळी लावली.

काल ऑफिसला निघायच्या घाईत आतून तिचा आवाज आला, "ऐक ना, माझा चाबी हरवलं!"

एका चावीत दोन लिंगं, आणि चावीचं स्वतःचं त्यात नाही. सात वर्षांच्या सवयीने माझं तोंड उघडलं.

"श्ल्युसल डेअर आहे," ती दारातून म्हणाली. "मग 'माझा' बरोबर."

"आणि 'हरवलं'?"

"इस्ट हाल्ट सो."

शेवटी सापडलं. फ्रीजमध्ये, लोण्याच्या डब्यामागे, दोन केकच्या मध्ये.