सर्व्हरचा कोड शिकणे कालबाह्य झाले आहे काय?

पुण्यात संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींच्या व्हॉट्सॲप गटांवर पुन्हापुन्हा येणाऱ्या एका संदेशाचा आशय असा आहे : पीएचपी (सर्व्हरवर, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या दूरच्या संगणकावर, चालणारी प्रोग्रामिंग भाषा) मेलेली आहे, आता सगळे काम ब्राउझरमध्येच होते आणि सर्व्हर केवळ माहिती साठवतो, तेवढ्यासाठीही क्लाउडवर तयार सेवा मिळतात, उरलेले एआय लिहून देते, तेव्हा सर्व्हर-साइड प्रोग्रामिंगच्या क्लासवर पैसे घालवू नका. शेवटच्या सल्ल्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही, कारण काही क्लासचा अभ्यासक्रम खरोखरच जुनाट आहे. आधीची चारही विधाने मात्र तपासायला हवीत.

पीएचपीच्या निधनाची वार्ता लवकर निकालात निघते. रास्मस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये लोकांसमोर आणलेल्या या भाषेची आठवी आवृत्ती नोव्हेंबर २०२० मध्ये आली. विकिपीडिया ज्या मीडियाविकी या प्रणालीवर चालतो ती पीएचपीत लिहिलेली आहे. संकेतस्थळे उभारण्याचे वर्डप्रेस हे सॉफ्टवेअरही पीएचपीतच आहे, आणि जगातल्या एक तृतीयांशाहून अधिक संकेतस्थळांमागे एकटे वर्डप्रेस आहे. मेली आहे ती जुनी लिहिण्याची पद्धत. मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलण्याची जुनी फंक्शने २०१५ च्या सातव्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली, आणि त्याआधीची पुस्तके घेऊन शिकणाऱ्याचा कोड पहिल्याच पानावर अडतो. त्याचा दोष भाषेवर टाकता येत नाही. शिवाय कोणाला पीएचपी आवडत नसेल तर पायथन, जावा किंवा नोड यांपैकी काहीही घ्यावे. पुढचा मुद्दा सर्वांना सारखाच लागू आहे.

तो मुद्दा म्हणजे ‘सगळे ब्राउझरमध्येच होते’ हे विधान, आणि संदेशातली खरी चूक इथे आहे. नवी पेठेत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी असतात तशा एखाद्या अभ्यासिकेचे जागा-आरक्षणाचे पान करायचे आहे असे समजू. महिन्याचे शुल्क ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टने मोजले आणि सर्व्हरने आलेला आकडा तसाच स्वीकारला, तर ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडून कोणीही पंधराशेचे पंधरा रुपये करू शकतो. ब्राउझर वापरणाऱ्याच्या हातात असतो, त्यामुळे तिथे केलेली तपासणी ही फॉर्म भरणाऱ्याची सोय असते, संस्थेचे संरक्षण नसते. दर, सवलत, कोणत्या सदस्याला काय पाहता येईल, या सगळ्यांचा निर्णय सर्व्हरवरच पुन्हा व्हावा लागतो.

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीला तर आधीची विनंती आठवतही नाही. लॉगिन केलेली विद्यार्थिनी दुसऱ्या पानावर गेली की ती तीच आहे हे कुकीमधल्या (ब्राउझर जपून ठेवतो त्या छोट्या नोंदीतल्या) सत्र-क्रमांकावरून सर्व्हरला प्रत्येक वेळी नव्याने ओळखावे लागते, आणि तो क्रमांक सहज अंदाज करता येण्याजोगा ठेवला तर तिच्या नावाने दुसराच कोणी आत शिरतो.

गंमत म्हणजे ब्राउझरमधली पाने घडवणाऱ्या ज्या रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या भरवशावर हा युक्तिवाद केला जातो, त्याच्याच डिसेंबर २०२४ मधल्या एकोणिसाव्या आवृत्तीने सर्व्हरवर चालणारे घटक स्थिर म्हणून स्वीकारले.

तयार क्लाउड सेवांबद्दल संदेशात थोडे तथ्य आहे, ते मान्य केले पाहिजे. अभ्यासिकेचा पत्ता, वेळा आणि फोन क्रमांक एवढेच दाखवायचे असेल तर सर्व्हरचा कोड लिहिण्याचे कारणच नाही. फायरबेस किंवा सुपाबेस घेऊन छोटी नोंदणीही उभी करता येते. पण कोणती नोंद कोणी वाचावी आणि कोणी बदलावी याचे नियम तिथेही लिहावे लागतात : फायरबेसमध्ये सुरक्षा-नियम म्हणून, सुपाबेसमध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ओळनिहाय धोरणांच्या रूपात. हे नियम सर्व्हरवरच चालतात. ते सैल ठेवले तर सर्व सदस्यांचे फोन क्रमांक उघड्यावर येतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

राहिला एआयचा मुद्दा. आरक्षणाचा कोड एआयकडून लिहून घेता येतो, आणि पुष्कळदा तो चालतोही. प्रश्न तो कधी चालत नाही हे ओळखण्याचा आहे. ‘जागा रिकामी आहे का’ हे आधी विचारून मग नोंद करणारा कोड एकट्याने चाचणी घेताना निर्दोष दिसतो. दोघांनी एकाच क्षणी खिडकीजवळची तीच खुर्ची मागितली, तर दोघांनाही ‘रिकामी आहे’ असे उत्तर मिळते आणि दोन नोंदी होतात. उपाय साधा आहे : खुर्ची, दिनांक आणि पाळी या तिन्हींवर मिळून डेटाबेसमध्येच एकमेवत्वाचे बंधन घालावे, म्हणजे दुसरी नोंद डेटाबेस स्वतःच नाकारतो. पण हा उपाय मागायला आधी प्रश्न दिसावा लागतो.

एसक्यूएल इंजेक्शनचेही, म्हणजे फॉर्ममधून डेटाबेसच्या आदेशात घुसखोरी करण्याचेही, तसेच. सदस्याचे नाव थेट क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आदेशाच्या, मजकुरात जोडणारा कोड कुलकर्णी, शिंदे, पठाण या नावांवर बिनतक्रार चालतो. कॅम्पातल्या एखाद्या डि'सूझाने आडनावातल्या वरच्या चिन्हासकट इंग्रजीत नाव भरले की क्वेरी मोडते. जे चिन्ह त्याने निरागसपणे टाकले, त्याच चिन्हाचा आधार घेऊन दुसरा कोणी क्वेरीचा अर्थच बदलू शकतो. म्हणून मूल्ये क्वेरीपासून वेगळी पाठवणारी प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरायची असतात. ज्याने एकदा तरी हाताने फॉर्म, क्वेरी आणि सत्र लिहिले आहे, त्याला एआयने दिलेल्या कोडमधली ही जोडणी वाचतावाचताच खटकते.

तेव्हा क्लास लावायचाच असेल, तर फी भरण्याआधी समन्वयकांना एवढे विचारावे : फ्रेमवर्क (तयार कोडचा सांगाडा) हाती देण्यापूर्वी साधा फॉर्म आणि एक टेबल घेऊन संपूर्ण विनंती हाताने लिहून घेतात का, पासवर्ड हॅश करून (मूळ शब्द परत काढता येणार नाही अशा रूपात) साठवायला लावतात का, आणि मुलांना एकमेकांचा प्रकल्प मोडून पाहू देतात का.