फिटच्या गोळ्या बंद करू नका : ‘मेंदू पुन्हा उगवणाऱ्या मशरूम’च्या मेसेजला उत्तर

दोन महिन्यांत एकच मेसेज मला अकरा जणांनी पाठवलाय. पाठवणारे सगळे माझ्या पेशंटच्या घरचे, केज, धारूर, परळीकडचे. मी बीड जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट आहे. डोक्याला मार लागून दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाला पुन्हा बसायला, उभं राहायला, घास तोंडापर्यंत न्यायला शिकवणं हे माझं रोजचं काम. मेसेज थोडक्यात असा: अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने सिद्ध केलंय की एका जंगली मशरूमच्या एकाच डोसने मेंदूची इजा बरी होते. मेलेल्या पेशी पुन्हा उगवतात. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात मान्यता मिळालीय. वस्तू नैसर्गिक, त्यामुळे अपाय नाही. उलट मेंदूच्या बाकीच्या गोळ्या आधी बंद करा. औषध स्वस्त आहे म्हणून डॉक्टर ते लपवतात. खाली एक नंबर, पार्सल घरपोच.

हे सविस्तर लिहायला बसले ते धारूर तालुक्यातल्या एका घरामुळे. मुलगा 23 वर्षांचा. जानेवारीत, गाळपाच्या ऐन हंगामात, रात्री मोटरसायकलवरून घरी येताना उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. याच्या डोक्यावर हेल्मेट नाही. मेंदूत रक्ताची गाठ, कवटी उघडून ऑपरेशन, 17 दिवस आयसीयू. आता तो आधार देऊन उभा राहतो, उजवा हात अजून जड आहे आणि शब्द ओठापर्यंत येऊन अडतात. वडिलांनी फोन माझ्यापुढे धरला. “मॅडम, हे खरं हाय का? अर्धा एकर इकतो, पण लेकरू पहिल्यासारखं बोलाय पायजे.”

त्यांना ओट्यावर बसून जे सांगितलं, तेच इथे लिहिते.

स्टॅनफर्डचा अभ्यास खरा आहे. 2024 च्या जानेवारीत तो ‘नेचर मेडिसिन’ या नावाजलेल्या नियतकालिकात आला. पण तो मशरूमवर नव्हताच. त्यात वापरलेलं द्रव्य आयबोगेन, आणि ते मिळतं मध्य आफ्रिकेतल्या इबोगा नावाच्या झुडपाच्या मुळांच्या सालीतून. काही जंगली मशरूममध्ये असतं ते सायलोसायबिन, भास घडवणारं वेगळं द्रव्य. मेसेज बनवणाऱ्याने फोटो एकाचा लावला आणि निकाल दुसऱ्याचा चिकटवला. इतकी साधी गोष्ट ज्याने पाहिली नाही, त्याच्या हातचं पार्सल आपण आजारी लेकराच्या तोंडात घालणार का?

आता त्या अभ्यासात होतं कोण ते पाहा. अमेरिकी सैन्याच्या खास तुकड्यांमधले 30 निवृत्त जवान, सगळे पुरुष. स्फोटांचे हादरे आणि डोक्याला वारंवार बसलेले मार सोसलेली ही माणसं, पण बहुतेकांची इजा वैद्यकीय भाषेत ‘सौम्य’ या वर्गातली, तीही जुनी. त्यांना छळत होते युद्धाच्या आठवणींचे आघात, नैराश्य, चिंता. स्वतःच्या पायांनी ते मेक्सिकोतल्या क्लिनिकला गेले, तिथे आयबोगेन घेतलं आणि महिनाभराने त्यांच्यात मोठा फरक दिसला. अपंगत्व मोजणाऱ्या पट्टीवर त्यांची सरासरी 30 वरून 5 वर आली (आकडा कमी, तितकं अपंगत्व कमी). हे लहान काम नाही, मी ते कमी लेखत नाही. पण ज्यांना औषध दिलं नाही असा तुलनेचा गटच त्या अभ्यासात नव्हता. एवढ्या लांब मोठ्या आशेने गेलेला, सोबत्यांमध्ये मन मोकळं करून आलेला माणूस काही अंशी त्यानेही सावरतो. त्यातला किती वाटा औषधाचा, हे तुलनेच्या गटाशिवाय सांगता येत नाही आणि संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही.

आपल्या पोराची इजा वेगळ्याच जातीची. शुद्ध मोजायची ग्लासगो कोमा स्केल म्हणून एक पट्टी आहे: पूर्ण शुद्धीला 15 गुण, सगळ्यात कमी 3. 13 ते 15 म्हणजे सौम्य, 8 किंवा कमी म्हणजे गंभीर. दवाखान्यात पोचला तेव्हा हा 6 वर होता. तीस जवानांचा निकाल त्याला लागू पडत नाही.

पेशी पुन्हा उगवण्याचा दावा ऐकून वडिलांचे डोळे चमकले होते, म्हणून तिथे मी जास्त वेळ थांबले. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या मेंदूपेशींवर एलएसडी, डीएमटी अशी भास घडवणारी द्रव्यं घातली, तर पेशींना जास्त फांद्या फुटल्या. 2021 मध्ये येल विद्यापीठात उंदरांना सायलोसायबिनचा एक डोस दिला. मेंदूच्या पुढच्या भागात पेशींच्या फांद्यांवर जी बारीक टोकं असतात, जिथे दुसरी पेशी जोडली जाते, ती साधारण 10 टक्क्यांनी वाढली आणि महिन्याभरानंतरही त्यातली काही टिकून होती. उंदीर धडधाकट होते, डोक्याला मार लागलेले नव्हते. आणि वाढल्या त्या जिवंत पेशींच्या फांद्या.

पोराच्या वडिलांना, म्हणजे काकांना, मी त्यांच्याच वावरातली तूर दाखवली. शेंडा खुडला की तुरीला फुटवे येतात, पण ते उभ्या झाडाला. बैलाने मुळासकट उपटलेल्या झाडाला कुणी फुटवा आणून दाखवावा. मेंदूत मेलेली पेशी परत येत नाही. शेजारच्या जिवंत पेशी हळूहळू तिचं काम उचलतात. शिवाय फुटवे वाटेल तिकडे फुटून भागत नाही. इजा झालेल्या मेंदूत चुकीच्या जागी झालेल्या जोडण्या हे पुढे फिट येण्याचं एक कारण मानलं जातं. कोणती वाट पक्की करायची हे मेंदूला शिकवतो सराव. त्याच दिवशी मी पोराच्या हातात तांब्या दिला होता, पाव भरलेला. उजव्या हाताने धरायचा, डाव्याचा आधार, पेल्यात पाणी ओतायचं. पहिल्या खेपेला सगळं फरशीवर. नवव्या खेपेला पेल्यात दोन बोटं पाणी पडलं आणि त्याने मान वर करून आईकडे पाहिलं. असं दिवसातून तीन वेळा, रोज. पहिल्या काही महिन्यांत मेंदू सगळ्यात जास्त शिकतो, आणि पार्सलची वाट पाहण्यात जाणार असतात ते नेमके हेच महिने.

मान्यतेचं लवकर सांगून टाकते. मेंदूच्या इजेवर यातल्या एकाही द्रव्याला अमेरिकेने मान्यता दिलेली नाही. मानसिक आघातावर एमडीएमए हे मनावर परिणाम करणारं दुसरं द्रव्य वापरू द्या हा अर्जसुद्धा तिथल्या औषध प्रशासनाने ऑगस्ट 2024 मध्ये फेटाळला. ऑस्ट्रेलियाने जुलै 2023 पासून वाट उघडली, ती फक्त खास परवाना असलेल्या मनोविकारतज्ज्ञांना आणि दोनच आजारांसाठी: सायलोसायबिन हट्टी नैराश्याला, एमडीएमए आघातानंतरच्या मानसिक विकाराला. आपल्याकडे सायलोसायबिन आणि एलएसडी दोन्ही 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात येतात. एलएसडीची ‘व्यापारी मात्रा’, म्हणजे कायद्याच्या हिशोबाने मोठा साठा, 0.1 ग्रॅम, आणि त्या मात्रेला शिक्षा किमान 10 वर्षं. पार्सलवर नाव मात्र काकांचं असणार होतं.

नैसर्गिक म्हणून अपाय नाही? धोत्राही बांधावरच उगवतो. पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्र्यांमध्ये नुसत्या नजरेने खाण्याजोगी आणि विषारी ओळखणं जाणकारालाही जमत नाही; काहींचं विष यकृत निकामी करतं आणि त्रास सुरू होतो अर्ध्या दिवसानंतर. सायलोसायबिनने काही तास रक्तदाब आणि नाडी वाढते. आयबोगेनने हृदयाची लय बिघडून माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत, म्हणून तर मेक्सिकोत त्या जवानांना शिरेतून मॅग्नेशियम देऊन हृदयावर मशीन लावलं होतं. धारूरच्या ओसरीवर ते मशीन कुठून आणायचं? आणि ज्याला आधीच दिवस-रात्र, माणूस-भास यांचा मेळ लागत नाही, त्याला वर आणखी भास होतील अशी वस्तू देणं मला क्रूर वाटतं.

पण सगळ्यात घातक ओळ गोळ्या बंद करण्याची. बोलता बोलता काकांनी खाली मान घालून सांगितलं, चार दिवस फिटची गोळी दिली नव्हती. पाचव्या दिवशी पहाटे पोराला झटका आला. आईने दातांत चमचा घालायचा प्रयत्न केला, ओठ फाटला. (चमचा, कांदा, चप्पल काही नको. कुशीवर वळवा, आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, घड्याळ पाहा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर 108 ला फोन लावा.) फिटची गोळी एकदम तोडली की झटके उसळून येतात, कधी एकामागून एक, न थांबता. म्हणून गोळी कमी करायची ती डॉक्टरने, पायरीपायरीने. आणि या द्रव्यांच्या खऱ्या चाचण्यांमध्ये फिटचा त्रास असलेल्या माणसाला बहुधा घेतच नाहीत.

राहिला डॉक्टर लपवतात हा आरोप. माझ्या मनाला तो लागतो, कारण पुरावा येईपर्यंत डॉक्टर का थांबतात, ते या क्षेत्राने जीव गमावून शिकलेलं आहे. सूज उतरेल म्हणून डोक्याच्या माराला कित्येक वर्षं स्टिरॉइड दिलं जायचं. 10,008 पेशंटच्या चाचणीचा निकाल 2004 मध्ये आला: दोन आठवड्यांत दगावणारे स्टिरॉइड दिलेल्यांत 21 टक्के, न दिलेल्यांत 18. नंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) आलं. उंदरांच्या मेंदूत त्याने कमाल केली, पण 2014 मध्ये दोन हजारांवर पेशंटच्या दोन चाचण्यांत काहीच फायदा निघाला नाही. आणि स्वस्त औषध लपवायचं असतं तर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड लपलं असतं. रक्तस्राव थांबवणारं हे जुनं, स्वस्त इंजेक्शन 29 देशांतल्या 12,000 हून अधिक पेशंटवर तपासलं, 2019 मध्ये निकाल छापला: सौम्य ते मध्यम इजेत तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात. अमँटाडिन ही कंपवाताची जुनी गोळी. 2012 च्या 184 पेशंटच्या चाचणीत शुद्ध नीट न आलेल्यांची सुधारणा तिने वेगाने झाली. ती डॉक्टर लिहून देतात, मेडिकलवर मिळते.

काकांनी शेवटी विचारलं, “मग पुढं-मागं तरी येईल का हे औषध?” येऊ शकतं, असं मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. 2025 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने आयबोगेनच्या चाचण्यांसाठी 5 कोटी डॉलर मंजूर केलेत. सिद्ध झालेल्या गोष्टीच्या चाचणीवर कुणी एवढा पैसा घालत नाही. आपल्या देशात अशी चाचणी निघाली तर ती भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत दिसेल, मराठीत संमतीपत्र वाचून दाखवतील, आणि प्रयोगाच्या औषधाचे पैसे मागणार नाहीत.

त्यांनी तो नंबर माझ्यासमोर ब्लॉक केला. फिटची गोळी डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू झालीय, सकाळी आठला आणि रात्री आठला. दोन्ही वेळचा गजर आईच्या मोबाइलवर लावून दिलाय. तांब्या आता अर्धा भरतो.