टीव्हीचा मेनू मराठीत, पण सबटायटल आलं की चौकोन

मला एक कळत नाही, टीव्हीच्या खोक्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात छापता ना की यूएसबी लावा, एमपीफोर चालेल, एमकेव्ही चालेल, सबटायटल पण चालतील, मग पेनड्राइव्ह खोचल्यावर स्क्रीनवर ओळीने चौकोन का येतात? नुसते रिकामे चौकोन. आख्खं वाक्य चौकोनांचं आणि शेवटचं प्रश्नचिन्ह तेवढं ठसठशीत. आणि हाच टीव्ही, हाच, सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी केली की चित्र, आवाज, नेटवर्क सगळं कसं छान देवनागरीत दाखवतो. म्हणजे फॉन्ट आहे ना घरात! फक्त मेनू दाखवणारा भाग वेगळा, पेनड्राइव्हवरचा व्हिडिओ चालवणारा भाग वेगळा, आणि त्या दुसऱ्याला मराठी वाचता येतं का हे बघायची तसदी कुणी घेतलेली नाही.

प्रकरण काही फार मोठं नव्हतं. आज्जीचं सहस्रचंद्रदर्शन झालं, पार्ल्याला हॉल घेतला होता, दीड तासाचा व्हिडिओ, आणि त्यात सगळ्यात भारी काय तर आज्जी माइक हातात घेऊन मालवणीत जी काही सुटलीय ते. बाबांना कानाला मशीन लावूनही हॉलमधला घुमणारा आवाज कळत नाही, आणि न्यू जर्सीतल्या भाच्यांना मालवणी सोडा, मराठी पण अर्धीच कळते. म्हणून मी सगळं ऐकून ऐकून मराठी सबटायटल केले, इंग्रजी पण केले. ते करताना मजा आली, हसून हसून पोट दुखलं, त्याबद्दल काही तक्रार नाही. संताप आहे तो पुढचा. कारण हे सगळ्यांना सगळीकडे बघायचंय, काकांना गिरगावात जुन्या टीव्हीवर, आत्याला बोरिवलीला टॅबवर, दादाला आयफोनवर, बाबांना आमच्या हॉलमधल्या टीव्हीवर, आणि प्रत्येक यंत्राचे नखरे वेगळे.

सबटायटलची एसआरटी फाइल म्हणजे काय असतं? ओळीचा नंबर, कधी यायचं कधी जायचं ती वेळ, खाली मजकूर. संपलं. नोटपॅडमध्ये उघडते. इतकी साधी की आतला मजकूर कुठल्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरांचे आकडे करायच्या कुठल्या पद्धतीत आहे हे सांगायला तिच्यात जागाच नाही, त्यामुळे प्रत्येक यंत्र आपापल्या मनाने अंदाज बांधतं आणि तो अंदाज कायम युरोपातलाच असतो. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या चालणाऱ्या एन्कोडिंगमध्ये, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. काकांच्या टीव्हीने ते तीनही सुटे करून युरोपियन अक्षरं म्हणून वाचले, मग काय, डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग कसलीतरी गोल चलनाची खूण, मग काहीतरी तिसरंच, परत ए, आणि जिथे जिथे मात्रा किंवा उकार किंवा दीर्घ वेलांटी तिथे तिथे चक्क जपानी येनचं चिन्ह. काकांचा फोन. "अगं, हे पैशाचं काय लिहिलंयस सगळीकडे? आहेर वाचतीय का आई?"

बरं, बीओएम लावून सेव्ह कर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला ३ अदृश्य बाइट चिकटतात आणि यंत्राला कळतं की हे यूटीएफ-८ आहे. केलं. आमच्या हॉलमधल्या टीव्हीवर चौकोन जाऊन अक्षरं आली, मी उड्या मारल्या, मग नीट बघितलं. 'सहस्रचंद्रदर्शन' असं लिहिलेलं मी, टीव्हीवर काय, तर 'सहस्‌रचंद्‌रदर्‌शन'. सगळी जोडाक्षरं फुटलेली, पाय मोडलेले, रफार गायब. आणि ऱ्हस्व वेलांटी! ती फाइलमध्ये साठवताना अक्षराच्या नंतर असते पण दाखवताना आधी दाखवायची असते, हे युनिकोडमध्ये पहिल्यापासून ठरलेलं आहे, काही गुपित नाही. आमचा टीव्ही मात्र जशी आली तशी मागेच लावतो, त्यामुळे प्रत्येक शब्दात वेलांटी पुढच्या अक्षराच्या मानगुटीवर. बाबा दोन मिनिटं वाचायचा प्रयत्न करत होते, मग म्हणाले, "राहू दे गं, मी नुसतं बघतो." कमी ऐकू येणाऱ्या माणसाला त्याच्या आईचं बोलणं वाचायचंय आणि तुमच्या चाळीस हजारांच्या डब्याला 'आणि' लिहिता येत नाही!

लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये हीच फाइल टाकली तर एकही जोडाक्षर चुकत नाही. फुकटातलं सॉफ्टवेअर. म्हणजे हे काही अवघड राहिलेलं नाहीये, अक्षरं जुळवणारी लायब्ररी कधीची फुकट उपलब्ध आहे, कुणीही उचलून वापरावी. पण नाही.

मग वाटलं वेगळी फाइलच नको, सबटायटल व्हिडिओच्या आत घालू. इथे दुसरी भानगड. एमपीफोर म्हणजे नुसता डबा, आत भाजी कुठली ते डब्यावरून कळत नाही. एमपीफोरमध्ये सबटायटल एका ठरावीक प्रकारानेच बसतात, ते आयफोनला दिसतात, आमच्या टीव्हीला दिसतच नाहीत. एमकेव्हीमध्ये वाट्टेल ते घाला, मराठी ट्रॅक, इंग्रजी ट्रॅक, सगळं मावतं आणि टीव्ही खूश, तर आयफोन स्वतःहून एमकेव्ही उघडतच नाही. दादाला म्हटलं व्हीएलसी टाक, तर तो म्हणतो मला अजून एक ॲप नको. हो, नको ना, आयफोन घेताना मला विचारलं होतंस का?

आणि त्यालाच कारणीभूत धरायचं तर अर्धं शूटिंग त्याच्याच फोनवरचं आहे. आयफोन २०१७ पासून डिफॉल्टमध्ये एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ मध्ये शूट करतो, ही व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, जागा वाचते म्हणून. ते स्टँडर्डच आलं २०१३ मध्ये. काकांचा टीव्ही त्याच्या आधीचा, त्याला एच.२६४ च्या पुढचं काही माहीत नाही. पण तसं तो सांगेल का? छे! दादाच्या क्लिप्स तिथे लावल्या तर आवाज येतो, आज्जी बोलतीय, हॉल हसतोय, स्क्रीन काळी. काकांनी तासभर केबल हलवून बघितली. एक ओळ, एकच ओळ दाखवा ना बाबांनो की हा प्रकार मला चालवता येत नाही. सबटायटल वाचता आले नाहीत तरी तेच, गप्प. फाइलचं नाव व्हिडिओच्या नावाशी तंतोतंत जुळलं नाही, गप्प. माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आणि तो फिरून फिरून तेच करत बसतो. माझा खरा राग ह्याच्यावर आहे, न चालण्यापेक्षा न सांगण्यावर.

फोटोग्राफर तर अजून वेगळाच विषय. सगळं टायमिंग लावून झाल्यावर साहेबांनी फायनल कॉपी दिली, तिच्या सुरुवातीला स्वतःच्या स्टुडिओचा लोगो, गुलाबाच्या पाकळ्या पडतायत, सनई वाजतीय, त्यातून सोनेरी अक्षरात मोबाइल नंबर उगवतोय. तेवढ्याने माझी प्रत्येक ओळ आधीच यायला लागली. आज्जीने तोंड उघडायच्या आत विनोद खाली छापलेला. हे तरी सबटायटल एडिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या वेळा एकदम पुढे ढकलून निस्तरता येतं, पण मधे पण कुठेतरी त्याने केक कापायचा सीन छोटा केलाय, तिथून पुढे परत सगळं निसटलेलं. म्हणजे अर्ध्याला एक माप, अर्ध्याला दुसरं.

शेवटी तोच उपाय जो सगळे शेवटी करतात, अक्षरं व्हिडिओतच भाजून टाकायची. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बर्न इन. मग ते चित्रच होतं, कुठल्याही टीव्हीला वाचायची गरज नाही. पण त्यासाठी आख्खा व्हिडिओ, एक ना एक फ्रेम, नव्याने एन्कोड होतो. मे महिन्यात मुंबईत हे करून बघा. माझा म्हातारा लॅपटॉप रात्रभर टेबल फॅनसमोर ठेवलेला, मी घामाघूम कॉटवर, फॅन लॅपटॉपला, आणि सकाळी बघते तर टक्केवारी जिथे वाटली होती त्याच्या जवळपास पण नाही. आणि हँडब्रेक बर्न करणार एका वेळी एकच ट्रॅक, मराठी नाहीतर इंग्रजी. म्हणजे दोन वेगळ्या फाइली, दोन रात्री, आणि एकदा भाजलं की मग शुद्धलेखनाची चूक सापडली तरी ती आता आज्जीच्या पदराला कायमची चिकटली.

फाइल झाली, पेनड्राइव्हवर जाईना. कारण पेनड्राइव्ह एफएटी३२ ह्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आणि तिथे एक फाइल ४ जीबीच्या वर चालत नाही. मोठ्या फाइली चालणाऱ्या एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा तर काकांचा टीव्ही तो ड्राइव्ह ओळखत नाही. मग क्वालिटी खाली आणून परत एन्कोड. लॅमिंग्टन रोडला गेले एखादा मीडिया प्लेअर बॉक्स मिळतो का बघायला, काउंटरवरचा म्हणतो, "मॅडम सब चलता है, सब फॉरमॅट." मी पेनड्राइव्ह काढला, म्हटलं हे लावून दाखवा. त्याने लावलं. चौकोन. तो त्या चौकोनांकडे बघून म्हणतो, "ये तो आपके फाइल का प्रॉब्लेम है." तशीच बाहेर पडले.

व्हॉट्सॲपवर पाठव म्हणणाऱ्यांनी तर बोलूच नका. व्हिडिओ म्हणून पाठवला की तो परत दाबून बारीक करतो, आतला सबटायटल ट्रॅक उडतो आणि भाजलेली अक्षरं अशी पुसट होतात की अनुस्वार आहे का धूळ आहे कळत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर २ जीबीपर्यंत जातो, पण आत्याला डॉक्युमेंट उघडायला सांगणे हा वेगळा तासभराचा फोन.

आणि हो, यूट्यूबवर अनलिस्टेड, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असं, टाकून बघितलंय. दोन्ही भाषांचे सबटायटल चढवले, जोडाक्षरं परफेक्ट, भाषा हवी ती निवडा. न्यू जर्सीचा प्रश्न तिथे सुटला. त्यानेच तर डोकं अजून फिरतं, कारण ह्याचा अर्थ होतं हे सगळं, व्यवस्थित होतं, त्याच बाबांच्या टीव्हीवर यूट्यूब उघडून त्याच ओळी स्वच्छ दिसतात, फक्त यूएसबीवाल्या प्लेअरसाठी कुणाला पडलेली नाही. आणि काकांकडे वायफायच नाही, तेव्हा त्यांना यूट्यूबचा काय उपयोग.

कस्टमर केअरला फोन केला होता. मराठीसाठी नंबर दाबा आहे तिथे, दाबला. मुलगी बिचारी गोड बोलली, म्हणाली मॅडम टीव्ही रीसेट करून बघा. मी म्हटलं अगं रीसेट करून त्याला वेलांटी लिहिता येणारे का? तिने तक्रार नोंदवली, मग मेसेज आला की तुमच्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण करण्यात आलेलं आहे. तो मेसेज मराठीत होता, सगळी जोडाक्षरं जागेवर. प्रॉडक्ट टेस्ट करणाऱ्या टीममध्ये एक मराठी, एक बंगाली, एक तमिळ माणूस बसवा, पेनड्राइव्हवर चार ओळींची एसआरटी टाका, लावून बघा. अर्ध्या दुपारचं काम आहे.

सध्या काकांकडे मराठी भाजलेली फाइल चालतीय, जरा धुरकट आहे पण चालतीय. काल आत्याचा फोन आला, छान झालंय गं, फक्त माझ्या विहीणबाई गुजराती आहेत, तर खाली मराठी आहेच, वरती गुजराती पण टाकशील का. मी म्हटलं आत्या, तूच बस त्यांच्या शेजारी आणि सांग तोंडाने.